मुका मार

दार उघडल्याचा आवाज मला आठवतो. खट्. त्यानंतर थेट रस्ता, गालाला चिकटलेला, आणि हातभर अंतरावर माझ्याच सायकलचं मागचं चाक, अजून फिरत असलेलं. मधलं काही नाही. मी उडाले कशी, पडले कशी, हात पुढे टाकला की नाही, हे थोडं लोकांनी सांगितलं, उरलेलं हाडांनी.

रस्त्याकडेला उभ्या गाडीतल्या माणसाने मागे न बघता दार उघडलं होतं. इतकंच. माझा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असणार, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दार दोन सायकलींच्या अंतरावर उघडलं असं धरलं तरी मला जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद मिळाला. एवढ्या वेळात डोळ्यांना दिसलेलं बोटांपर्यंत जेमतेम पोहोचतं, सायकल थांबत नाही. नंतर कित्येकांनी विचारलं, "ब्रेक नाही का मारलास?" सुरुवातीला मी हा हिशेब सांगायचे. मग सोडून दिलं.

लोक जमले. चांगली माणसं होती, पण प्रत्येकाला मला उठवून बसवायचं होतं. कुणीतरी पाण्याची बाटली तोंडाशी आणली. एका बाईंनी मात्र सगळ्यांना मागे सारलं, रस्त्यावर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी माझं डोकं हेल्मेटसकट धरलं. "ताई, मान हलवायची नाही. हो-नाही तोंडाने सांगा." मी सवयीने मान डोलवायला गेले तशी त्यांची बोटं घट्ट झाली. पाणीही त्यांनीच थांबवलं. ऑपरेशनची वेळ आली तर भुलीत पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, हे कारण मला पुढे कळलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या तशाच, उन्हात, गुडघ्यांवर. कोण होत्या, मला आजही माहीत नाही.

त्या वेळी दोनच गोष्टी दुखत होत्या: उजवा खांदा, आणि उजव्या मांडीपासून कमरेपर्यंत सोलवटलेली कातडी. दोन्ही नुसत्या बोंबलत होत्या. बाकी सगळं ठीक आहे, असं मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दोनदा छातीठोकपणे सांगितलं.

मुका मार हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. रक्त नाही, जखम नाही, आत कुठेतरी लागलेलं. पण त्यातल्या 'मुका'कडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. इमर्जन्सीतली माणसं मात्र त्याच्याच मागावर होती. माझ्या खांद्याला वेडंवाकडं टेंगूळ आलेलं सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याच्याकडे बराच वेळ कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मला तर राग येत होता.

आधी श्वासाची वाट मोकळी आहे का, मग श्वास दोन्ही बाजूंनी सारखा येतोय का, मग नाडी आणि रक्तदाब, मग मेंदू, आणि मग सगळे कपडे काढून अंगाची इंचन् इंच तपासणी. हा क्रम जगभर जवळजवळ सारखाच आहे. त्यामागची गोष्ट मला वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी सांगितली. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान शेतात कोसळलं. तो स्वतः विमान चालवत होता. बायको जागीच गेली, मुलं जबर जखमी झाली. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात मुलांवर झालेले उपचार बघून तो हादरला आणि अपघाताचा रुग्ण कसा हाताळायचा याची शिकवणी उभी करायला लागला. आज कॅज्युअल्टीत डॉक्टर मोडलेल्या हाडाआधी छातीला स्टेथोस्कोप लावतात, त्यात त्या शेतातल्या रात्रीचा वाटा आहे.

माझा सायकलिंगचा आवडता टी-शर्ट कात्रीने खालपासून वरपर्यंत कापला गेला. "अहो, चेन आहे त्याला," मी म्हटलं. कात्री थांबली नाही. हात वर करायला लावून काढण्यापेक्षा कापणं बरं, हे तेव्हा पटलं नाही. नर्सने डाव्या हातातली अंगठी काढून घेतली. डावा हात तर चांगला होता की! "आत्ता निघतेय. सूज आली तर तासाभराने कापावी लागेल," ती म्हणाली आणि अंगठी एका पाकिटात घालून त्यावर माझं नाव लिहिलं. त्या अख्ख्या दिवसात माझ्या डाव्या हाताची काळजी केलेली ती एकटी.

मग प्रश्न. नाव काय, वार कोणता, काय झालं? मी म्हणे नवऱ्याला फोन लावायला सांगितला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "त्याला कळवलं का?" असं चार वेळा. मला यातलं एकदाच आठवतं. त्यांनी कागदावर १४ लिहिलं. ग्लासगो कोमा स्केल नावाची मोजपट्टी आहे, १९७४ पासूनची: डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, एकूण १५. माझा एक गुण बोलण्यातला कापला गेला, कारण मी बोलत होते पण गोंधळलेली होते. या परीक्षेत शून्य मिळत नाही, कमीत कमी ३ मिळतात. म्हणजे पलंगाखालच्या स्टुलालाही तीन मिळाले असते.

दोनदा उलटी झाली आणि डोक्याचं सीटी स्कॅन ठरलं. त्याआधी गरोदर नाही ना, हे विचारून झालं. मानेचंही स्कॅन करायचं म्हणाले, आणि इथे मी हुज्जत घातली, कारण मान मुळीच दुखत नव्हती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "खांदा इतका दुखतोय तोवर मानेवर तुमचा शब्द मी धरणार नाही." मोठ्या दुखण्याच्या आवाजात बारकं दुखणं ऐकू येत नाही. शिवाय २००१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी मानेच्या तपासणीसाठी एक नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यात धोकादायक अपघातांची छोटी यादी आहे, आणि सायकलची टक्कर त्या यादीत चक्क नाव घेऊन आहे. उंचावरून पडणं, डोकं खाली करून पाण्यात सूर मारणं, यांच्या पंगतीत. रोज सकाळी मी कुठल्या पंगतीत बसत होते, याची मला कल्पना नव्हती.

पाठ बघायला चौघांनी मिळून मला ओंडक्यासारखं कुशीवर वळवलं. डोकं धरणारा मोजतो आणि बाकीचे त्याच्या आकड्यावर हलतात. "तीनवर वळवायचं. एक, दोन..." माणूस म्हणून तेव्हा आपण कुठेच नसतो. पण सगळ्यांचे हात एकदम हलले तेव्हा, कसं कोण जाणे, भीती थोडी उतरली.

आणि मग पोट. बेंबीच्या वर, उजव्या बरगड्यांच्या जरा खाली, एक गोल वळ होता. नाण्याएवढा. आतून कोरा, कडेने लाल. मला तो दुखतही नव्हता. डॉक्टरांनी तो बघितला आणि खोलीतलं बोलणं कमी झालं. "हँडलच्या टोकाला बूच होतं का?"

नव्हतं. हँडलच्या उघड्या नळीच्या तोंडाला जे रबरी बूच असतं ते माझ्या सायकलचं सहा महिन्यांपूर्वी पडलं होतं. आज लावीन, उद्या लावीन, चाललं होतं. पुढचं चाक अडकून वळलं की हँडल आडवं होतं आणि त्याचं एक टोक बरोबर पोटाकडे येतं. अंगाचा सगळा भार त्या पाव इंची कडेवर. बाहेर नुसता वळ दिसतो. आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते, लहान आतडं किंवा स्वादुपिंड मागच्या मणक्यावर चिरडलेलं असू शकतं. लहान मुलांत हा प्रकार जास्त बघायला मिळतो. पोर सायकलवरून पडतं, उठतं, खेळायला जातं, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात. रबराचा एवढासा तुकडा! लेकीच्या सायकलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत की नाहीत, हे मी स्ट्रेचरवरून नवऱ्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "तू कशी आहेस ते सांग आधी."

सोनोग्राफी लगेच झाली. चार ठिकाणी मशीन टेकवतात: हृदयाभोवती, यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये, प्लीहेपाशी, ओटीपोटात. नको तिथे रक्त साठलंय का, एवढंच बघायचं असतं. माझी स्वच्छ आली. पोटाचं सीटी स्कॅनही झालं, तेही स्वच्छ. मी घरी जायच्या तयारीत. पण आतड्याची दुखापत सुरुवातीच्या तासांत फसवते, म्हणून मुक्काम ठरला. रात्रभर दर काही तासांनी एकच डॉक्टर यायच्या आणि पोट चाचपून जायच्या. तुम्हीच का, असं मी पहाटे विचारलं. "मगाशी पोट किती मऊ होतं हे माझ्या बोटांना आठवतं. दुसऱ्याच्या बोटांना कसं आठवेल?" तरुण होत्या, डोळे तारवटलेले. त्या रात्री रक्तही तीनदा काढलं, हिमोग्लोबिन उतरतंय का बघायला. उतरलं नाही. पोटात काहीच निघालं नाही.

संध्याकाळी उशिरा उजव्या मांडीची जखम धुतली, त्याबद्दल जरा सांगायला हवं. डांबरावर घसरलेली कातडी म्हणजे भाजल्यासारखीच जखम, फक्त तिच्यात खडी भरलेली. सगळे कण काढावेच लागतात. राहिले तर वर कातडी येते आणि ते आत कायमचे निळे-काळे दिसत राहतात. रस्त्याचं गोंदण. बधिर करणारं औषध लावून, सलाईनची धार सोडून, मऊ ब्रशने आणि उरलेले चिमट्याने, असे चाळीस मिनिटं. मी आधी मोजत होते, स्टीलच्या ट्रेमध्ये पडणारा एकेक कण. सतराव्याला मोजणं सोडलं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तर आठवेना; मळलेल्या जखमेला पाच वर्षांहून जुनं चालत नाही, तेव्हा तेही झालं.

मला वाटलं आता मोकळं ठेवून खपली धरू देतील. आम्ही सगळे तसेच वाढलो, गुडघ्यावरच्या खपल्या वाळवत आणि उकरत. पण जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्येच डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. खपलीखालून पेशींना बोगदा खणत जावं लागतं. ओल असली की त्या सरळ सरकतात. तर ती जखम चिकट, ओलसर पट्टीखाली झाकली गेली आणि तीन आठवड्यांत भरली. आज तिथे फिकट गुलाबी नकाशा आहे. सबंध अपघातात सगळ्यात जास्त भोगायला लावणारी गोष्ट तीच, आणि सगळ्यात किरकोळही तीच.

कॉलरबोनची, म्हणजे गळ्यापासून खांद्याकडे जाणाऱ्या मोडलेल्या हाडाची पाळी रात्री आठला आली. ते हाड लांबट एस आकाराचं असतं, मधोमध बारीक, आणि बहुतेकांचं तिथेच मोडतं. मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली ओढतं. ते टेंगूळ म्हणजे वर आलेलं टोक. कातडी फाडून बाहेर येण्याच्या बेतात असेल, तुकडे फार सरकले असतील किंवा हाड दोनेक सेंटिमीटर आखूड झालं असेल, तर प्लेट आणि स्क्रू घालायचा विचार होतो. माझं सरकलं होतं, पण थोडं. "झोळीत ठेवा. हाडाला जुळायचं कळतं," अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले. पूर्वी पाठीवर इंग्रजी आठच्या आकाराचा आवळपट्टा बांधायचे. साध्या झोळीने हाड तेवढंच जुळतं आणि काखेला काचतही नाही, म्हणून तो आता मागे पडला. झोळी ज्या पट्ट्याने गळ्यात अडकवतात तो मोडलेल्या हाडावर येणार नाही अशी बांधायची, ही खुबी मात्र मला शेजारच्या खाटेवरच्या आजींनी दाखवली. ब्राच्या पट्ट्याचं काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही. तो प्रश्न पाच आठवडे माझा मीच सोडवला.

सकाळी घरी सोडणार होते. त्याआधी रात्रीच्याच त्या डॉक्टर आल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं पुन्हा तपासायला लागल्या. मी कंटाळले होते. काल झालंय की हे! "काल आम्ही तुम्ही मरणार नाही ना, हे बघत होतो. आज काय राहून गेलं ते बघतेय." पायाची बोटं, घोटे, गुडघे, बरगड्या. मग डावा हात. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटापाशी एक खळगा पडतो, तिथे त्यांनी बोट दाबलं.

मी ओरडले. स्वतःच चकित झाले.

तोवर त्या मनगटाने हूं की चूं केलं नव्हतं. सूज नाही, निळं नाही. एक्स-रे काढला, त्यातही काही नाही. तरी त्यांनी अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारी पट्टी चढवली आणि नीट बजावलं, की तिथे स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं, ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दोन आठवड्यांनी परत फोटो काढायचा, तोवर पट्टी काढायची नाही. आंघोळीलाही नाही. मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी काढली.

माझी बाजू मांडते, फारशी पटणारी नाही तरी. उजवा हात झोळीत. डाव्या हाताला ती पट्टी, त्यामुळे अंगठा जखडलेला. अंगठा नसेल तर बटण लागत नाही, नळ फिरत नाही, दात घासायचा ब्रश धरता येत नाही, आणि बाथरूममधलं तर बोलायलाच नको. माझे केस कमरेपर्यंत. नवऱ्याने पहिल्या दिवशी घातलेली वेणी बघून लेक म्हणाली, "बाबा, ही वेणी आहे की दोरखंड?" तो बिचारा रात्री व्हिडिओ बघून शिकत होता. मला त्याची दया आली, स्वतःचा राग आला, आणि मनगट तर दुखतही नव्हतं. एक्स-रे स्वच्छ होता ना? काढली. दहा दिवस त्या हाताने सगळं केलं. खुर्चीचा हात धरून उठलेसुद्धा.

डोक्याचंही असंच काहीसं. सीटी स्वच्छ होतं, म्हणून डोकं माझ्या लेखी यादीतून गेलं होतं. पण मेंदू नुसता हिंदकळला असेल तर सीटीत काही दिसत नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसचे ईमेल उघडले आणि वीस मिनिटांत मळमळायला लागलं. शब्द विसरायचे. भांडं पडल्याचा आवाज कवटीच्या आत पडल्यासारखा यायचा. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू कामं वाढवायची, त्रास वाढला तर एक पायरी मागे, असं सांगितलेलं होतं. आठवडेच्या आठवडे अंधारात पडून राहायचं नाही, हेही. तीन-चार आठवड्यांत निवळलं. हेल्मेट मी त्याच आठवड्यात उलटं करून बघितलं. बाहेरून उजव्या कानशिलाजवळ फक्त ओरखडा. आत फोम दोन बोटं रुंद दबलेला आणि आरपार तडकलेला. तो फोम एकदाच चिरडायचा असतो, आपल्याऐवजी. दुसऱ्या वेळेला त्याच्यात काही उरत नाही, म्हणून बाहेरून धडधाकट दिसलं तरी पडलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. मी ते अजून टाकलेलं नाही, माळ्यावर आहे. डोक्यावर मात्र नवं आहे.

चौदाव्या दिवशी दुसरा एक्स-रे. डॉक्टरांनी तो खिडकीपाशी धरला आणि मला जवळ बोलावलं. काजूच्या कमरेवर केसाएवढी काळी रेघ. मोडलेल्या कडेचं हाड पहिल्या दोन आठवड्यांत किंचित झिजतं, मग ती फट फोटोत उमटते. ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

"पट्टी होती ना पूर्ण वेळ?"

खोटं बोलायचा विचार एक क्षण मनात आला. मग सांगितलं. त्यांनी रागवावं अशी माझी तयारी होती, पण त्यांनी कागदावर त्या हाडाचं चित्र काढलं. या हाडाला रक्त उलट्या बाजूने येतं: बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि मागे, कोपराच्या दिशेने जातं. मधे मोडलं की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो. तो तुकडा उपाशी मरू शकतो. हाड जुळलं नाही तर काही वर्षांत मनगट झिजतं, आणि मग प्रत्येक झाकण उघडताना आठवण होते. "तुकडे सरकले नाहीत अजून. नशीब म्हणा," एवढंच बोलल्या. सरकले असते तर स्क्रू होता.

आठ आठवड्यांचं प्लास्टर.

दोन्ही हात गेल्यावर माणसाला काय काय कळतं ते सांगत बसले तर संपणार नाही. नाकाला खाज येते, हे पहिलं. दुसरं, मदत घेणं ही एक कला आहे आणि मला ती येत नव्हती. माझी बहीण महिनाभर राहायला आली. ती मला आंघोळ घालताना एकदा मी रडायला लागले, तर म्हणाली, "तुझं लहानपणी मीच धुतलंय, ओळखीचं आहे सगळं." उजव्या हाताचा पंजा झोळीतून कमरेच्या उंचीवर वापरायला परवानगी होती, तर बहिणीने टेबलावर पुस्तकांचा ढीग करून त्यावर ताट ठेवलं आणि मी तोंडच हाताकडे न्यायला शिकले. झोपायचं ते उशांच्या उतरणीवर टेकून, अर्धवट बसल्यासारखं. सहाव्या आठवड्यात कॉलरबोनच्या एक्स-रेत तुटलेल्या टोकांभोवती धुरकट ढग दिसला, नवं हाड. झोळी सुटली. खाली वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, हा फिजिओथेरपीचा पहिला व्यायाम. खांदा आखडू नये म्हणून. आरशात मी सोंडेसारखा हात हलवणारा हत्ती दिसायचे.

आवाजाची गोष्ट मी शेवटपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. गाडीचं दार. खट्. खाली आवारात कुणाची गाडी आली की माझे खांदे कानांपर्यंत चढायचे, मोडलेलासुद्धा. रात्री दचकून उठायचे. पहिल्या काही आठवड्यांत असं पुष्कळांना होतं आणि आपोआप ओसरतं. महिना उलटून गेल्यावरही ठाण मांडून बसलं तर ते दुखणं समजायचं आणि दाखवायचं. मी दोन महिने थांबले, कारण यातही एक्स-रेत काही दिसत नव्हतं. समुपदेशक बाईंनी पायऱ्या आखून दिल्या: आधी नवऱ्याच्या गाडीत बसून दार स्वतः उघडायचं-लावायचं, वीस वेळा. मग कुणी दुसऱ्याने उघडायचं आणि मी शेजारी उभं राहायचं. मग उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून चालत. मग सायकल हातात धरून चालत.

त्या सरावातच मला गाडीचं दार लांबच्या हाताने उघडायची सवय लागली. दाराजवळचा हात मांडीवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कडी ओढायची. तसं केलं की खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. याला डच पद्धत म्हणतात, आणि २०२२ पासून ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही ती सांगितलेली आहे. घरात आता सगळे असंच करतात. लेक तर रिकाम्या मैदानातसुद्धा.

ज्याने दार उघडलं तो मुलगा, पंचविशीचा असेल, त्या दिवशी माझ्या घरचे येईपर्यंत हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होता म्हणे. पुढे दोनदा फोन आला, दोन्ही वेळा नवऱ्याने घेतला. मला बोलावंसं वाटलं नाही. अजून वाटत नाही.

दहाव्या आठवड्याला प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात माझा वाटेना: बारीक, सुरकुतलेला, कोंडा सुटलेला. हाड जुळलं होतं. पकड मोजायचं एक यंत्र असतं, मुठीत दाबायचं. उजव्या हाताने २४ किलो, डाव्याने ७. फिजिओथेरपिस्टने विचारलं, "सायकल कधी चालवायची आहे?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. त्याने टेबलाखालून एक सुटी ब्रेकची दांडी काढली, खिळ्याला स्प्रिंगने बांधलेली. "ही डाव्या हाताने एका दमात पन्नास वेळा पूर्ण दाबून दाखवा, मग बोलू." मी नऊ वेळा दाबली.

पन्नासला मी पाचव्या महिन्यात पोहोचले. त्या शनिवारी पहाटे सायकल काढली, टोकांची बुचं दोनदा चाचपली. उभ्या गाड्यांपासून एका दाराएवढं अंतर ठेवून, म्हणजे जवळजवळ लेनच्या मधून चालवत होते. मागून हॉर्न आला. पुन्हा आला. मी हात वर केला, आणि सरकले नाही. एकूण चार किलोमीटर.

मनगट आता सगळं करतं, फक्त मागे पूर्ण वळत नाही. उजव्यापेक्षा पंधरा-वीस अंश कमी. फिजिओ म्हणाला, एवढं राहील बहुतेक. जमिनीवरून उठताना मी अजूनही डावा तळवा टेकत नाही. मूठ टेकते.